लिव्हर नणंदेनं दिलं, ताप आला की बोल मला

पत्र नागपूरच्या मानेवाडा भागातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई चाळिशीतल्या. यजमानांचं सप्टेंबरमध्ये मुंबईत लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. लिव्हरचा भाग त्यांच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे ताईंच्या नणंदेनं दिला. जानेवारीत यजमानांना थंडी वाजून ताप आला, लिव्हरशेजारी पू साठल्याचं निघालं. नळी टाकून पू काढला, दोन आठवडे इंजेक्शनं चालली, पित्तनलिकेत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवला आणि घरी पाठवलं. पुढचं ताईंच्याच शब्दांत:

"तेव्हापासून घराचं ऑपरेशन थिएटर करून ठेवलंय मी. दिवसातून तीनदा फिनेल, पाहुणे बंद, मुलांना शाळेतून आल्याबरोबर आंघोळ. तरी आता मेमध्ये आठवडाभर ताप येतो-जातो, ९९ ते १००. सगळे म्हणतात ऊन लागलं. पन्हं देतेय. घराजवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढाही सुरू केलाय. मुंबईच्या हॉस्पिटलला कळवलं नाही. कळवलं की नणंदबाईंना कळेल. जानेवारीत त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, 'मी पोट फाडून दिलं, तुले साधं सांभाळता नाही आलं.' एप्रिलमध्ये पुतण्याच्या साखरपुड्याला गेलो, तिथं जेवलो, हे खरं आहे. माझंच चुकलं का? घरात आणखी काय बदलू? ता. क. रात्री त्यांना अंग फार खाजतं, घामोळं असावं."

ताई,

तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, त्यामुळे मुंबईला कळवायचं की नाही याचं उत्तर तुम्हाला तेव्हाच मिळालं. तुम्ही कळवलंत, यजमान भरती झाले, तपासण्या चालू आहेत. बाकीचं उत्तर तुमच्या परवानगीनं इथं छापतेय. ट्रान्सप्लांट झालेला माणूस आता विदर्भातल्या बऱ्याच घरांत आहे, आणि मे महिन्यात त्या घरांतही "ऊन लागलं असेल" हे वाक्य रोज कुणीतरी म्हणतच असणार.

इतक्या घाईनं फोन का केला ते आधी सांगते. पत्रभर तुम्ही फिनेल, पाहुणे आणि साखरपुड्याचं जेवण यांविषयी लिहिलंत. खाज मात्र ता. क. मध्ये, तीही घामोळं म्हणून. घामोळ्याचं पुरळ दिसतं, मानेवर, पाठीवर, काखेत, आणि ते उकाड्यात चावतं. अंगावर काहीही न दिसता रात्री तळहात-तळपाय खाजत असतील, तर पित्तरसाची वाट अडली आहे का हे पाहावं लागतं. मी लघवीचा रंग विचारला. "गडद आहे, पण उन्हाळ्यात पाणी कमी पडतंच ना," असं तुम्ही म्हणालात. ताप उन्हाचा, खाज घामोळ्याची, लघवी पाणी कमी पडल्यामुळे. एकेक कारण अगदी पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच तिन्ही गोष्टी एकत्र कुणी पाहिल्या नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, माझं चुकलं का. या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, ती म्हणजे जंतू बाहेरून आले. दारातून, पाहुण्यांच्या हातावरून, साखरपुड्याच्या पंगतीतून. नणंदबाईंनीही तेच धरलंय, आणि तुम्ही मनातल्या मनात त्यांचं म्हणणं मान्य करून टाकलंय. पण लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर पोटात होणाऱ्या या संसर्गाची वाट बहुतेक वेळा घराच्या दारातून जातच नाही.

ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या जोडतात तशी पित्तनलिकाही जोडतात. जिवंत दात्याकडून आलेल्या भागाची ही नळी काही मिलिमीटरचीच असते, कधी एकाऐवजी दोन असतात. सगळ्या जोडकामातली नाजूक जागा हीच. सुरुवातीला तिथून पित्तरस पाझरू शकतो, पुढे जोड आकसून नळी अरुंद होऊ शकते. शिवाय नव्या लिव्हरच्या पित्तनलिकेला रक्त मिळतं ते यकृताच्या धमनीतूनच. तिच्यात गुठळी झाली तर नलिकेचा भाग मरतो आणि लिव्हरच्या आतच पित्तरस साठून राहतो. काही रुग्णांमध्ये नलिकेला नलिका जोडता येत नाही, मग ती थेट आतड्याच्या वळशाला जोडतात. तिथं आतड्यातल्या जंतूंना वर चढायला फार लांब जावंच लागत नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला, एन्टेरोकॉकस ही मंडळी तुमच्या-माझ्या आतड्यात मुक्कामाला असतातच. पित्तरस वाहता असेल तोवर त्यांचं फारसं चालत नाही. तो तुंबला किंवा पोटात सांडला की ती तिथं वाढतात, पू होतो, आणि तिथून रक्तात उतरायला वेळ लागत नाही. नाली आत तुंबलेली असताना अंगणात कितीही फिनेल ओतलं तरी काय उपयोग?

म्हणजे जानेवारीतला पू तुमच्या स्वयंपाकातून आला नव्हता. साखरपुड्याच्या जेवणानं जुलाब-उलट्या झाल्या असत्या तर तो संशय रास्त होता, पण तसं काही झालेलं नाही. पाणी उकळून, जेवण ताजं आणि गरम, कच्ची मोडाची उसळ नको, चौकातला उसाचा रस नको, हात साबणानं धुवायचे, हे नियम आहेत तसेच राहू द्या. सर्दी-खोकला झालेला माणूस चार दिवस लांब राहिलेला बरा. फिनेल मात्र एकदा पुरे. आणि मुलांना शाळेतून आल्यावर वडिलांजवळ बसू द्या, हात धुऊन.

घर बदलण्यापेक्षा एक कागद शोधा, जानेवारीचं डिस्चार्ज कार्ड. तुम्ही लिहिलंय "स्टेंट बसवला", पण तो काढायचा किंवा बदलायचा कधी, याबद्दल एक अक्षर नाही. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो, कारण त्यात गाळ साचून तो बंद होतो. जानेवारीत बसवला असेल तर एप्रिलमध्ये ती तारीख येऊन गेली. यावेळी नेमकं तेच झालंय की आणखी काही, हे डॉक्टर सांगतील, मी अंदाज बांधणार नाही. पण बरं वाटायला लागलं की पुढची तारीख विसरायला होते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. ज्यांच्या पोटात स्टेंट किंवा नळी आहे त्यांनी हे वाचतावाचताच ती तारीख पाहून घ्यावी. साधारणपणे सहा महिन्यांनंतर संसर्गाचा धोका उतरतो असं डॉक्टर सांगतात आणि ते खरंही आहे. फक्त पित्तनलिकेचं दुखणं मागे लागलेल्यांना ती सवलत मिळत नाही.

"ताप ९९ ते १००, म्हणजे फार नाही ना?" हे तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. इतर कुणाच्या बाबतीत मीही फार नाही म्हटलं असतं. पण यजमान टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेतात, सोबत स्टेरॉइडची छोटी गोळी आहे. ताप चढणं, पोट दुखणं, हात लावला की कळ येणं या सगळ्या शरीराच्या आरोळ्या आहेत, आणि या औषधांनी त्याचा आवाजच खाली आणलेला असतो. त्यात बसवलेल्या लिव्हरचे मज्जातंतू ऑपरेशनमध्ये तुटलेले असतात, त्यामुळे पित्तनलिका तुंबली तरी नेहमीसारखी कळ येईलच असं नाही. पोट दुखत नाही म्हणून पोटात काही नाही, असं त्यांच्याबाबतीत म्हणता येत नाही. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, ही फोन करण्याची नेहमीची रेषा. पण थंडी वाजून अंग थरथरलं, डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी आणि शौच पांढुरकं झालं, पोट फुगलं, उलटीमुळे गोळ्या टिकेनात, लघवी कमी झाली, किंवा माणूस गुंगीत असंबद्ध बोलायला लागला, तर थर्मामीटर काहीही दाखवो, फोन लावायचा. बारीक ताप दुसऱ्या दिवशीही परत आला तरी लावायचा.

थर्मामीटरवरून आठवलं. नागपूरच्या मेमध्ये पत्र्याच्या खोलीतला पाऱ्याचा थर्मामीटर कपाटात पडल्यापडल्याच चढून बसलेला असतो. डिजिटल घ्या. थंड पाणी प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून तोंडात लावा, आणि वेळेसकट आकडा वहीत लिहा. टॅक्रोलिमसच्या कॅप्सूलही स्कूटरच्या डिक्कीत किंवा खिडकीत ठेवू नका.

तुमच्या घराजवळच्या डॉक्टरांवर मला राग काढायचा नाही. त्यांच्यासमोर तापाचे शंभर पेशंट येतात आणि त्यातल्या बहुतेकांना त्या गोळ्यांनी बरं वाटतं. पण इथं त्या गोळ्यांनी दोन घोटाळे होतात. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) केलं तर जंतू बऱ्याचदा सापडत नाही, आणि जंतू सापडला नाही तर पुढचं औषध अंदाजानं द्यावं लागतं. ज्यानं हॉस्पिटलात महिना काढलाय, आधी भारी इंजेक्शनं घेतली आहेत, त्याच्या पोटातले जंतू साध्या गोळ्यांना दाद देत नसण्याची शक्यता मोठी असते. आपल्या देशात तर हा प्रश्न फारच वाढलाय. दुसरं म्हणजे पू साठलेला असेल किंवा नळी तुंबलेली असेल, तर कोणतंही औषध एकटं पुरत नाही. सोनोग्राफी, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), सीटी किंवा एमआरसीपीनं (पित्तनलिकांचा एमआरआय) जागा शोधायची, मग एंडोस्कोपीनं स्टेंट बदलायचा किंवा बाहेरून नळी टाकून निचरा करायचा, आणि काढलेल्या द्रवाचंही कल्चर करायचं. दोन दिवस बरं वाटून पुन्हा ताप आला, याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की आग वरून विझली आणि आत धुमसत राहिली.

औषधांची गल्लतही होते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिननं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते, बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलनंही वाढते. टीबीच्या रिफॅम्पिसिननं ती खाली येते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही दुखण्या-तापावरची औषधं टॅक्रोलिमसबरोबर किडनीला जड जातात, आणि "तापाचं इंजेक्शन" म्हणून कधीकधी तेच टोचलेलं असतं. म्हणून कोणत्याही दवाखान्यात खुर्चीवर बसण्याआधी "लिव्हर ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस चालू आहे" हे वाक्य बोलायचं. (नागपूरकर असल्यानं संत्र्याचं विचारालच: टाळायचं ते पपनस आणि ग्रेपफ्रूट. आपलं संत्रं त्यात येत नाही. टॅक्रोलिमसनं पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा किती खायचं ते रिपोर्ट पाहून डॉक्टर सांगतील.)

गुळवेलीचा काढा आजच बंद करा, आणि तो किती दिवस घेतला हे डॉक्टरांपासून लपवू नका. यजमानांची प्रतिकारशक्ती औषधं देऊन मुद्दाम खाली ठेवलेली आहे, नाहीतर त्यांचं शरीर बहिणीच्या लिव्हरला परकं समजून त्यावर तुटून पडेल. ती घरी बसून वाढवायला जाणं म्हणजे त्याच औषधांच्या विरुद्ध काम करणं. शिवाय गुळवेल घेतल्यावर काही लोकांच्या लिव्हरलाच इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात केली आहे. तुम्ही काढा प्रेमानं केलात, यात शंका नाही. आणि कुणी याच्या उलट सल्ला दिला, की संसर्ग झालाय तर टॅक्रोलिमस चार दिवस बंद ठेवा, तर तेही करायचं नाही. डोस कमी करायची वेळ कधी येते, पण तो निर्णय ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचा.

पत्रात तुम्ही एक शब्द लिहून खोडला आहे, तरी तो वाचता येतो: रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवं लिव्हर नाकारणं. ही भीती मला कळते, कारण तसं झालं तर नणंदबाईंनी दिलेलं वाया गेलं असं होईल. लिव्हरचे आकडे संसर्गातही बिघडतात आणि रिजेक्शनमध्येही, आणि घरी बसून दोन्हींतला फरक कुणालाच करता येणार नाही. उपचार मात्र एकमेकांच्या उलट आहेत. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवतात, संसर्ग जोरात असेल तर बहुधा कमी करतात. म्हणूनच कधी बायोप्सीपर्यंत जावं लागतं. आधीच वाईट कल्पना करून तपासणी पुढे ढकलली, तर ज्यावर उपाय होता तेही हातचं जातं.

आता नणंदबाई. त्यांचं ते वाक्य अन्यायाचं होतं, सगळ्यांसमोर बोलल्या हे तर फारच वाईट. पण मला त्या वाक्यापेक्षा त्याच्या परिणामाची चिंता वाटली. त्या बोलल्या म्हणून तुम्ही यावेळी आठवडाभर गप्प राहिलात. ज्या घरात तापाबद्दल बोलणी खावी लागतात, तिथं ताप उशिरा सांगितला जातो. नणंदबाईंना भावाची काळजी आहे तर त्यांनाही हे कळायला हवं, आणि ते तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेलं बरं. पुढच्या व्हिडिओ तपासणीला त्यांना सोबत बसवा. "ताई, तुम्हीही विचारा डॉक्टरांना," एवढंच म्हणा. संसर्ग कुठून आला हा प्रश्न त्यांच्याच तोंडून डॉक्टरांपर्यंत जाऊ द्या. भांडून, रडून तुम्ही त्यांना पटवून देऊ शकणार नाही, पोटातल्या नळीचं चित्र पाहिल्यावर पटेल.

आणखी एक, थोडं तुमच्या विरुद्ध बोलते. पत्रात नणंदबाईंच्या तब्येतीबद्दल एक ओळही नाही. त्यांचंही पोट कापलं गेलंय. दात्याचं उरलेलं लिव्हर काही महिन्यांत बरंचसं भरून येतं, पण टाक्यांची ओढ, थकवा, आणि आता भावाला काही झालं तर आपण हे कशासाठी केलं हा विचार, याची चौकशी फार कमी घरांत होते. पेशंटभोवती दहा माणसं जमतात, दाता आठवड्यात "धडधाकट" ठरतो. त्यांच्या रागात याचा वाटा किती ते मला माहीत नाही. पण थोडा असावा असं वाटतं. राग सोसा असं मी म्हणत नाही. पुन्हा चारचौघांत बोलल्या तर यजमानांनी उत्तर द्यायला हवं. बहीण त्यांची आहे आणि लिव्हरही त्यांनाच मिळालंय. आजवर ते या भांडणात गप्प दिसतात.

यावेळचं निभावलं की नागपुरातच पक्की सोय लावून ठेवा. मुंबईची टीम फोनवर चांगली, पण थंडी वाजून अंग थरथरत असलेल्या माणसाला समृद्धीवरून ७०० किलोमीटर न्यायचं नसतं. आता नागपुरातही लिव्हर ट्रान्सप्लांट होतात. धंतोली-रामदासपेठेच्या पट्ट्यात एंडोस्कोपीनं स्टेंट बदलणारे, रात्री सीटी करणारे, रक्ताचं कल्चर लावणारे दवाखाने आहेत. त्यातला एक पोटविकारतज्ज्ञ तेव्हाच, तब्येत बरी असताना ठरवा, मुंबईच्या टीमशी त्यांचं बोलणं करून द्या, आणि घराजवळच्या डॉक्टरांनाही हे नाव कळवा. खर्चाचं एकदा हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्यांशी बोला. मदतीचे मार्ग आणि लागणारे कागद त्यांना ठाऊक असतात.

डिस्चार्ज कार्ड शोधायला फाइल काढालच, तर तिच्यात सगळ्यात वर काय हवं तेही सांगते. जानेवारीच्या कल्चरचा रिपोर्ट, ज्यात कोणता जंतू निघाला आणि कोणतं औषध त्यावर चाललं हे लिहिलेलं असतं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला पहिलं इंजेक्शन निवडताना त्या कागदाची जेवढी मदत होते तेवढी दुसऱ्या कशाची नाही. त्याखाली स्टेंटची नोंद, चालू औषधांची यादी, शेवटची टॅक्रोलिमसची पातळी आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये, आणि एक मेसेज तयार ठेवा: "सप्टेंबरमध्ये ट्रान्सप्लांट, दाता बहीण. जानेवारीत पू, नळी, स्टेंट. आज ताप इतका, थंडी आहे/नाही, लघवीचा रंग असा, अँटिबायोटिक घेतलं/नाही. काय करू?" घाबरलेल्या माणसाला फोनवर काही सुचत नाही, मेसेज नुसता पाठवायचा असतो. ठरलेली रक्ततपासणी असेल त्या सकाळी टॅक्रोलिमस रक्त दिल्यावरच घ्यायची, हेही फाइलमध्ये लिहून ठेवा.

घरी आलात की नव्या स्टेंटची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि नणंदबाईंना स्वतः फोन करून कळवा. त्यांची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी शेवटची कधी झाली तेही त्याच फोनवर विचारा. राहिली असेल तर दोघा भावंडांची एकाच दिवशी लावता येते का, ते हॉस्पिटलला विचारून ठेवा.